वाक्याच्या आधी येणारा आवाज

बोलक्या पुस्तकांच्या केंद्रात त्यांना सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण जिचं पोट कानांवर चालतं तिच्या पाठीमागे बोलण्यात काय हशील?

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी हे केंद्र पुस्तकं ध्वनिमुद्रित करतं. वाचक आपापल्या घरी बसून वाचतात, झालेलं ध्वनिमुद्रण केंद्राला पाठवतात आणि चाळणीबाई छापील पुस्तक मांडीवर घेऊन ते ऐकतात. शब्द गळला, बदलला, कुणी पदरचा घातला, की समासात पेन्सिलीची खूण आणि वाचकाला फोन. एकोणीस वर्षं हेच काम. खडा असला तर तो वर राहायचाच, म्हणून चाळणी.

एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका ऐकत बसलेल्या माणसाचा कशावरच विश्वास उरत नाही. बाई भाजीवाल्याच्या काट्यावर नजर ठेवत. डॉक्टरने लिहिलेलं औषध दुसऱ्या डॉक्टरला दाखवत, आणि त्यानेही तेच लिहिलं तर ‘दोघं मिळालेले आहेत’ म्हणत. त्यांच्या मते महागाची वस्तू आणि स्वस्ताची वस्तू यांत फरक एकच, महागाची घेतल्यावर माणूस तक्रार करायला लाजतो.

त्यांचे हेडफोन फुटपाथवरच्या टोपलीतले होते. एका कानावरचा स्पंज झडला तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या जुन्या मोज्याचा गोल तुकडा कापून शिवला होता. लेकीला ते बघवेना. वाढदिवसाला तिने आईपुढे एक जड, काळा डबा ठेवला. डब्यावरची किंमत नखाने खरवडून काढलेली होती. बाईंनी त्या जागेवरून बोट फिरवलं. कागदाची सालं निघेपर्यंत खरवडलंय म्हणजे आकडा दणदणीत असणार.

“आई, याच्यात सगळं ऐकू येतं.”

“म्हणजे आत्तापर्यंत मी बहिरी होते?”

“तसं नाही गं. लावून बघ, फरक कळेल.”

“फरक डब्यात असतो. आत तीच तार, तोच चुंबक. वरून कातडं चढवलं की झाले महाग.”

महिनाभर डबा कपाटात राहिला. शेवटी नवऱ्यानेच विषय काढला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, तेहतीस वर्षं. पाहण्यापेक्षा ऐकून बिघाड ओळखण्यावर त्याचाही भर.

“एकदा तपासून तरी टाक. डोळे बांध, मी अदलून-बदलून लावतो. ओळखलेस तर महाग खरे.”

“मोज्याच्या वासावरून ओळखेन मी.”

“मग डोक्याला टॉवेल गुंडाळ.”

रविवारच्या दुपारी जेवणाच्या टेबलाशी हा प्रयोग झाला. डोक्याला आंघोळीचा जाड टॉवेल, त्यावरून आधी एक, मग दुसरा हेडफोन. नवरा सात वेळा लावून-काढून दमला. बाईंना सातही वेळा सारखंच ऐकू आलं.

“बघ! म्हटलं नव्हतं? आणि तू सातही वेळा एकच लावला नाहीस हे कशावरून?”

“अगं, तू हेडफोन नाही ऐकलास, टॉवेल ऐकलास!” नवरा म्हणाला. “काढ तो. आणि डोळे उघडे ठेवून ऐक, पुस्तक हातात घेऊन. रोज ऐकतेस तसं.”

हे बोलणं बाईंना पटलं, पण तसं दाखवलं नाही. त्यांनी एका खलाशाची कादंबरी काढली आणि मध्येच कुठलं तरी पान उघडलं, एकशे त्रेचाळीस. वाचक होते भूगोलाचे सर. शाळेतून निवृत्त झालेले, केंद्राचे सगळ्यांत लाडके वाचक. त्यांच्या आवाजासाठी लोक पुस्तक कुठलं आहे हेसुद्धा न विचारता मागणी नोंदवायचे. अशा विश्वासातल्या वाचकांचं दर दहावं पान तेवढं तपासायचं, असा केंद्राचा शिरस्ता होता. विश्वासातले हा शब्द केंद्राचा, बाईंचा नव्हे.

आधी जुने लावले. सर नेहमीसारखे होते, बंद काचेपलीकडून बोलल्यासारखे, आणि मागे भाजणीच्या कढईसारखा हेडफोनचा स्वतःचा चुरचुराट. एकोणीस वर्षांत तो चुरचुराट बाईंना ऐकू येईनासा झाला होता.

मग नवे लावले आणि काच बाजूला झाली. एक खोली उघडली. सरांची खुर्ची कुरकुरली. वाक्य सुरू करताना त्यांचे ओठ सुटे झाले तेसुद्धा कळलं. कुठेतरी लांब नळ ठिबकत होता. आणि प्रत्येक वाक्याच्या आधी आणखी काहीतरी होतं. श्वासाएवढं बारीक. दोन-तीन शब्दांचं शेपूट, आणि मागोमाग सरांचं वाक्य, त्याच शब्दांवर संपणारं.

बाईंनी हेडफोन काढून उलटसुलट करून पाहिले. “महागाचे म्हणे. पडसाद येतोय यात.”

“बघू.” नवऱ्याने लावले, डोळे मिटून ऐकले. “पडसाद नंतर येतो. हा आधी येतोय.”

“मग काय आहे?”

“बाईमाणूस आहे कुणीतरी. लिफ्टमध्ये मोटर चालू व्हायच्या आधी रिले टक् करतो ना, तसं. आधी ही टक् करते, मग सर चालू होतात.”

बाईंनी हेडफोन त्याच्या डोक्यावरून ओढून घेतले. वाक्यांमधली शांतता केंद्रातलं यंत्र आपोआप कापतं. कुजबुज त्याला शांतताच वाटली असणार. कापता कापता शेपटं तेवढी राहिली होती. आणि ऐकता ऐकता सर एका जागी पुढे गेले आणि बाईंचं बोट पानावर मागे राहिलं. एक अख्खा परिच्छेद नव्हता.

त्या संध्याकाळी बाईंनी भाजी करपवली. डोकं दुसरीकडेच होतं. डोळ्यांनी वाचणाऱ्या माणसाची चूक त्यांना पाठ होती. डोळा ओळ खातो, पण अर्धवट खातो, एका ओळीच्या पोटातून निघून दुसरीच्या पोटात शिरतो. परिच्छेदाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत सफाईने कोणी चुकत नाही. हे गळलेलं नव्हतं, गाळलेलं होतं. शिवाय गेली दोनेक वर्षं सरांच्या चुकांची जातच पालटली होती. पूर्वी ते ओळ खायचे. हल्ली ‘म्हणाली’चं ‘बोलली’ करायचे, ‘ताबडतोब’चं ‘लगेच’. अर्थ तोच, शब्द दुसरा. बाई फोनवर झापायच्या आणि सर म्हणायचे, “वय झालं बाई.” डोळ्यासमोर शब्द असताना कोणी तो बदलत नाही. कानाने ऐकून बोलणारा बदलतो.

“म्हणजे सर वाचतच नाहीत,” बाई नवऱ्याला म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाचं तरी ऐकून बोलतात. कुणाची तरी चोरून नक्कल.”

“किंवा सरांची बायको असेल. वहिनी मदत करत असतील.”

“तू कशाला त्यांची बाजू घेतोस?”

“अगं, मी कुणाची बाजू घेत नाही. मी भाजी खातोय करपलेली, तेसुद्धा निमूट.”

बाईंना हसू आलं नाही. दर पुस्तकाअखेर एक पत्रक भरायचं असतं. वाचकाने हे पुस्तक छापील पानावरून स्वतः आणि संपूर्ण वाचले आहे. खाली तपासनीसाची सही. दोन वर्षांत अशा किती पत्रकांवर त्यांनी सही केली होती! आता या कादंबरीचं पत्रक समोर होतं. सही केली तर खोटी. नाही केली तर सरांचं वाचन बंद, आणि शाळा सुटल्यापासून त्या माणसाला दुसरा उद्योग नव्हता हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, फोन न करता, त्या सरांच्या दारात उभ्या राहिल्या. दार सरांनीच उघडलं. इस्त्रीचा शर्ट, भांग नीट. जिन्यातलं ऊन थेट बाईंच्या तोंडावर होतं. बाई मुद्दामच गप्प राहिल्या.

“कोण?” सर म्हणाले. मग पुन्हा, “कोण आहे?”

“मी. केंद्रातून.”

“अरे, चाळ—” सरांनी जीभ चावली. “या, या.”

आतल्या खोलीच्या भिंतींना रजया टांगलेल्या होत्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. टेबलावर माइक आणि पुढे सरांची खुर्ची. टेबलावर बाकी काही नव्हतं, पुस्तकसुद्धा नाही. पुस्तक होतं मागच्या स्टुलावर, त्यावर बायकी चष्मा, आणि वाचायचा दिवा मान वाकवून त्या स्टुलाकडे बघत होता.

वहिनी हात पुसत आल्या. त्यांनी बाईंची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि पाणीसुद्धा विचारलं नाही.

“मी म्हटलंच होतं यांना. एक ना एक दिवस या येणार.”

“कधीपासून?” बाईंनी विचारलं.

“दोन वर्षं होतील,” सर म्हणाले. “मधलं गेलंय, कडा आहेत. तुमच्याकडे सरळ पाहिलं तर तुम्ही नाही. जरा बाजूला पाहिलं तर तुमचा कान दिसतो.” ते हसले. “तुमच्या बाबतीत तेवढं पुरतं म्हणा.”

“केंद्राला कळवायचं होतं.”

“कळवलं असतं तर काढलं असतं.”

“मग वहिनींनीच वाचायचं ना, स्वतःच्या नावाने! वाचता तर येतं.”

वहिनींनी पदर खोचला. “पाठवलं होतं मी एकदा. माहेरच्या नावाने. तुम्हीच नापास केलंत. शेरा होता, ‘वाण्याची यादी वाचल्यासारखे.’”

बाईंना तो शेरा आठवला. ध्वनिमुद्रण आठवेना. त्यांनी घसा खाकरला.

“बरं, ते राहू द्या. मी एकशे त्रेचाळीसाव्या पानासाठी आलेय. एक परिच्छेद नाहीये.”

“कुठला?” सरांनी विचारलं.

“सुटला असेल,” वहिनी घाईने म्हणाल्या. “पान चिकटलं असेल.”

“पानाच्या मधोमध आहे वहिनी, चिकटणार कसा?”

“कुठला परिच्छेद?” सरांनी पुन्हा विचारलं. “वाचा.”

वहिनींनी बाईंकडे पाहून मान हलवली, नको अशी. बाईंनी ते पाहिलं. पण समोरच्या माणसाला न दिसणारी खूण आपण पाळायची, म्हणजे आपणही त्याला फसवायचं. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचलं.

“‘कप्तानाने दुर्बीण डोळ्याला लावली आणि खाली घेतली. काच पुसली, पुन्हा लावली. मग शर्टाच्या टोकाने पुन्हा पुसली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की धुकं काचेवर नाही. समुद्रावरही नाही. खलाशांना त्याने सांगितलं, आज हवा फार खराब आहे; आणि त्यानंतर त्याला पुढे काहीच दिसेनासं झालं.’”

खोलीत नळ ठिबकत होता, तोच ध्वनिमुद्रणातला.

“आणखी किती?” सर म्हणाले.

“एवढंच हो,” वहिनी म्हणाल्या.

“काल पेपर वाचलास. सगळा वाचलास?”

“आता पेपरात काय गाळायचंय मला?”

“मुलाचा मेसेज वाचलास. तो सगळा होता?”

“अहो, काहीतरीच काय! बाहेरच्या माणसासमोर—”

“बाहेरच्या माणसामुळेच कळलं.” सरांनी चाचपडत माइकची वायर काढली आणि गुंडाळू लागले. “छत्तीस वर्षं पोरांना नकाशा शिकवला. पर्वत आवडत नाही म्हणून कधी गाळला नाही. अर्धं पुस्तक वाचणारा वाचक मी नाही. बाई, सही करू नका. माझं वाचन संपलं.”

बाईंना वाटलं होतं, चोर सापडला की बरं वाटेल. तसं वाटलं नाही.

केंद्रात जाऊन त्यांनी प्रमुखांना सगळं सांगितलं, आपल्या सह्यांसकट. प्रमुखांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “ऐकणाऱ्याला काय, पुस्तक पुरं मिळाल्याशी कारण. पुस्तक पुरं आहे असं तुम्ही लिहून दिलंत, तर डोळे कुणाचे होते हे मी विचारणार नाही.”

“आणि सर वाचायला तयार नसतील तर?”

“ते तुमचं तुम्ही बघा. उकरलंत तुम्ही.”

बाईंनी कादंबरी पहिल्या पानापासून लावली, आणि नव्या हेडफोनने. जुन्यांवर भरवसा वाटेना, ही त्यांच्यासाठी नामुष्कीच होती. लेकीला त्यांनी कळू दिलं नाही. आठ दिवसांनी यादी तयार झाली. अकरा जागा.

सरांच्या घरी या वेळी त्या फोन करून गेल्या. माइक अजून गुंडाळलेलाच होता. यादीचा कागद त्यांनी पुढे केला, तो वहिनींनी सवयीने घेतला.

“तुझ्याकडे नको,” सर म्हणाले. “बाईंना वाचू दे.”

वहिनींनी कागद परत दिला. त्यांचे कान लाल झाले होते.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. पान बावीस, खलाशाची आई डोळ्यांच्या दवाखान्यात. पान एकेचाळीस, आंधळा भिकारी. पान त्रेसष्ट, ‘ज्याला दिसत नाही त्याच्यापुढे सगळेच नाटक करतात’ हे एक वाक्य. सर प्रत्येकावर नुसते “हं” म्हणत. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. मग पान अठ्ठ्याऐंशी. तिथे अख्खी दोन पानं नव्हती.

“काय आहे त्यात?” सरांनी विचारलं.

“बंदराचं वर्णन. गोदामं, दोरखंड, पोती. डोळ्यांचं काही नाही.”

“मग ते का गाळलंस गं?”

“दूध उतू गेलं होतं,” वहिनी म्हणाल्या.

“वा!”

“खरंच सांगते. उठून गेले, आले, तोवर पान उलटलं होतं.”

“खरंच,” सर म्हणाले. “तुझं खरंच मी दोन वर्षं ऐकतोय.”

आता वहिनी काहीही बोलल्या असत्या तरी ते खोटंच ठरलं असतं.

बाईंनी ती जागा ऐकली होती, पण पानाकडे लक्ष ठेवून. दोन पानं गेली एवढंच टिपलं होतं. त्यांनी पिशवीतून ध्वनिमुद्रण वाजवायचं यंत्र काढलं, अठ्ठ्याऐंशीवं पान शोधलं आणि हेडफोन सरांच्या डोक्यावर ठेवले.

“मी सांगून उपयोग नाही. तुम्हीच ऐका.”

सर मान खाली घालून ऐकू लागले. बराच वेळ काही नाही. मग एकदम त्यांची भुवई हलली.

“स्टूल सरकलं. पावलं... धावतेय ही.” ते थांबले. “फस्स झालं. भांडं आपटलं.” आणि मग त्यांच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. “काय म्हणालीस तू तिथे?”

“काय म्हणाले मी?”

“‘मेलं ते पुस्तक आणि मेला तो खलाशी.’”

“म्हणाले असेन,” वहिनी म्हणाल्या. “पातेलं तीन दिवस घासत होते.”

सर मोठ्याने हसले नाहीत. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. “दहा,” ते म्हणाले. “म्हणजे दहा तू गाळलेस.”

“दहा गाळले,” वहिनी म्हणाल्या. “तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपायचात दिवसभर. वाचायला लागलात की बरे असायचात. त्या वेळी तुमच्या तोंडून ते वदवून घेऊ मी? पेपर सगळा वाचते. मुलाचा मेसेजही सगळा होता. विश्वास ठेवायचा तर ठेवा.”

“बाई,” सरांनी विचारलं, “तुमचा बसतो का हिच्यावर?”

“माझा कुणावरच बसत नाही,” चाळणीबाई म्हणाल्या. “म्हणून मी पुस्तक समोर घेऊन बसते. तुम्ही वाचणार असाल तर आजही बसते.”

सरांनी मांडीवरचे हेडफोन बाईंकडे दिले. मग त्यांनी माइकची वायर सोडायला घेतली. पीळ बसला होता. वहिनी पुढे झाल्या, पण सरांनी त्यांना हात लावू दिला नाही, स्वतःच सोडवली.

“एकशे त्रेचाळीस आधी,” ते म्हणाले.

वहिनींनी चष्मा लावला आणि स्टुलावर बसल्या. बाई शेजारी, मांडीवर आपलं पुस्तक. वहिनी हलकेच एकेक वाक्य सांगत गेल्या, अगदी यादी वाचल्यासारख्या, आणि सरांच्या तोंडून ते कादंबरी होऊन बाहेर पडत गेलं. दुर्बीण. काच. धुकं. शेवटचं वाक्य वहिनींनी सांगितलं आणि सर थांबले.

“‘खलाशांना त्याने सांगितलं, आज हवा फार खराब आहे,’” सर म्हणाले, “‘आणि त्यानंतर त्याला पुढे फारसं दिसेनासं झालं.’”

बाईंची पेन्सिल पानावर टेकली.

“सर. ‘फारसं’ नाही. ‘काहीच’ आहे.”

“मी ‘काहीच’च सांगितलं होतं,” वहिनी म्हणाल्या.

सरांनी मान डोलावली. “हो. तू बरोबर सांगितलंस.”

त्यांनी घसा साफ केला, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि ते वाक्य पहिल्यापासून घेतलं.